चार ओळींचा तक्ता आणि सरळ रेषा

संतत फलनांच्या संयोजनावर काम करताना हाताशी कायम दोन गोष्टी असतात, आलेख आणि तक्ता. आलेख म्हणजे संख्यारेषेवरच्या फलनाचं चित्र, पेन्सिल न उचलता काढता येणारं. तक्ता म्हणजे निव्वळ हिशेब: कोणत्या फलनावर कोणतं फलन लावलं की कोणतं फलन मिळतं. फलनांचा संच सांत असेल, आणि त्यातली कोणतीही दोन फलनं एकापाठोपाठ एक लावल्यावर मिळणारं फलनही त्याच संचात असेल, तर तयार होणाऱ्या तक्त्याला सांत सेमीग्रुप म्हणतात. त्यात उलट फिरण्याची सोय असेलच असं नाही. अट एवढीच की तिघांचा गुणाकार करताना कंस कुठेही टाकला तरी उत्तर तेच यावं, आणि संयोजनात ही अट आपोआप पाळली जाते. या कामातून माझी एक धारणा पक्की होत गेली आहे. तक्त्यातून सूत्रं आणि आलेख सगळं पुसून टाकलं, नुसती अक्षरं ठेवली, तरी ही फलनं सरळ रेषेवरची होती ही गोष्ट तक्त्यातून पुसली जात नाही. रेषेचा आकार अक्षरांच्या त्या हिशेबात शिल्लक राहतो, आणि तो नेमका कुठे राहतो हे बोट ठेवून दाखवता येतं.

सगळ्यात छोटं बोलकं उदाहरण शाळेत भेटणाऱ्या फलनांचंच आहे. क्ष, −क्ष, |क्ष| आणि −|क्ष| ही चार फलनं घ्या. −क्ष दोनदा लावलं की क्ष परत येतो. केवलमूल्य घेण्याआधी चिन्ह बदललं तरी फरक पडत नाही, |−क्ष| म्हणजे |क्ष|च. केवलमूल्य घेऊन मग चिन्ह बदललं की −|क्ष| मिळतं. शेवटची दोन फलनं आपसात लावली तर जे नंतर लावलं तेच उरतं: आधी −|क्ष| आणि मग केवलमूल्य घेतलं तर |क्ष|, उलट क्रमाने −|क्ष|. सोळाही चौकटी भरून होतात आणि एकही उत्तर या चौघांच्या बाहेर जात नाही. आता हाच तक्ता एका वेगळ्याच ठिकाणी सापडतो. फक्त दोन बिंदू घ्या, एक डावा आणि एक उजवा. त्यांच्यावर चारच फलनं शक्य आहेत: दोघांना जिथल्या तिथे ठेवणं, त्यांची अदलाबदल करणं, दोघांना डावीकडे पाठवणं आणि दोघांना उजवीकडे पाठवणं. या चौघांचा तक्ता अगदी तोच. अनंत बिंदूंच्या रेषेवरची चार फलनं दोन बिंदूंचा हिशेब हुबेहूब देतात याचं प्रथम आश्चर्य वाटतं. पण हा दोनचा आकडा योगायोगाने आलेला नाही, आणि म्हणूनच तीन बिंदूंवरच्या २७ फलनांचा तक्ता रेषेवरच्या संतत फलनांतून कधीच तयार होत नाही.

यावरचा पहिला आक्षेप सरळ आहे. सांत तक्ता ही मोजणीची बाब आणि सातत्य ही अनंत, सूक्ष्म अंतरांची बाब. मग चार-पाच अक्षरांच्या हिशेबात सातत्याचा ठसा उमटणार तरी कसा? याचं उत्तर हवं असेल तर सातत्य काढून टाकल्यावर काय होतं ते पाहावं. ग्रुपांबद्दलचं केलीचं प्रमेय गणिताच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतं. सेमीग्रुपांसाठीही तसंच प्रमेय आहे: कोणताही सांत सेमीग्रुप एखाद्या सांत संचावरच्या फलनांच्या रूपात लिहिता येतो. मग रेषेचे त्या संचाइतके तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यात एक प्रतिनिधी बिंदू ठरवायचा, आणि प्रत्येक फलन असं रचायचं की एका तुकड्यातले सगळे बिंदू ठरलेल्या एका प्रतिनिधीकडे जावेत. आलेख पायऱ्यापायऱ्यांचा, मध्येच तुटणारा होतो, पण तक्ता हवा तो मिळतो. म्हणजे सातत्याची अट नसेल तर रेषेवर न बसणारा एकही सांत तक्ता नाही. आणि तक्ते काही थोडेथोडके नाहीत. तीन घटकांचे मूलतः वेगळे सेमीग्रुप २४ आहेत, चार घटकांचे १८८, पाच घटकांचे १९१५, आणि आठ घटकांपर्यंत जाता जाता आकडा ३६८ कोटींच्या पुढे जातो. तुटक फलनं वापरली तर यातला प्रत्येक रेषेवर उभा करता येतो. म्हणून सातत्याची अट घातल्यावर जे तक्ते गळतात, त्यांच्या गळण्याला सातत्य सोडून दुसरं कारण असूच शकत नाही.

गळणाऱ्यांतला पहिला फारच लहान आहे: तीन घटकांचा चक्राकार ग्रुप. त्यासाठी असं फलन हवं जे तिसऱ्या खेपेला सगळं मूळ जागी आणतं, पण पहिल्या किंवा दुसऱ्या खेपेला आणत नाही. पुढे गणनयंत्रांमुळे ख्यातनाम झालेले चार्ल्स बॅबेज यांनी १८१५ साली हाच प्रश्न सर्वसाधारण रूपात हाती घेतला होता: ठरावीक वेळा लावल्यावर क्ष परत देणारी फलनं कोणती? सूत्र शोधणाऱ्याला उदाहरण चटकन सापडतं. १/(१−क्ष) हे फलन घ्या आणि २ पासून सुरुवात करा. आधी −१ मिळतो, मग १/२, मग पुन्हा २. पण हे फलन १ या बिंदूवर फुटतं, आणि असं कुठेतरी फुटणं टाळता येत नाही. फलन संतत असेल आणि त्यावरून उलट फिरता येत असेल, तर ते पूर्ण रेषेवर वाढतं तरी असतं किंवा घटतं तरी. वाढतं फलन लावलं की बिंदू रांगेतल्या माणसांसारखे सरकतात, कोणी कोणाच्या पुढे घुसत नाही. एखादा बिंदू थोडा जरी उजवीकडे सरकला तरी पुढच्या खेपेला तो आणखी उजवीकडेच जातो; मूळ जागी परतणं त्याला शक्य नाही. म्हणून ठरावीक खेपांनी परत आणणारं वाढतं फलन एकच, जिथल्या तिथे ठेवणारं. घटतं फलन दोनदा लावलं की वाढतं होतं, म्हणजे तेही दोन खेपांत मूळ जागी येतं. रेषेवर परत फिरण्याचे प्रकार एवढेच: मुळात न हलणं, नाहीतर रेषा उलटणं. एखाद्या सेमीग्रुपाच्या आत ग्रुप दडलेला असेल आणि त्याचा एकक घटक क्ष नसून दुसरंच फलन असेल, तरी नियम बदलत नाही, कारण ते फलन रेषेला एका अंतरालावर गोळा करतं आणि पुढचं सगळं त्या अंतरालावर घडतं. एक घटक किंवा दोन घटक, याहून मोठा सांत ग्रुप रेषेवर नाही.

ग्रुप कळले की रचना कळली, अशी आपल्या गणिताच्या शिक्षणाची घडण आहे. पदवीच्या अभ्यासक्रमात ग्रुपांना भरपूर तास मिळतात आणि सेमीग्रुपांचा उल्लेख एखाद्या व्याख्येपुरता येतो. मला ही उणीव वाटते, कारण सेमीग्रुपातली खरी माहिती पुष्कळदा आयडेम्पोटंट घटकांकडे असते, म्हणजे दोनदा लावले तरी एकदा लावल्यासारखेच राहणाऱ्या घटकांकडे. केरळचे गणितज्ञ के. एस. एस. नंबुदिरीपाद यांचं १९७९ साली अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीने प्रसिद्ध केलेलं काम याच बाजूने जातं: रेग्युलर सेमीग्रुपांतले आयडेम्पोटंट एकमेकांच्या संदर्भात कसे मांडलेले असतात, त्या मांडणीचेच नियम त्यांनी लिहून काढले. रेषेवर या घटकांचं चित्र फार स्वच्छ दिसतं. आयडेम्पोटंट फलन ज्या ज्या किमती देतं, त्या प्रत्येक किमतीला ते जागेवरच ठेवतं. शिवाय मध्यवर्ती किमतीच्या प्रमेयामुळे त्याच्या किमतींचा संच, म्हणजे प्रतिमा, सलग असते. ती एक बिंदू, एखादं अंतराल, अर्धी रेषा किंवा पूर्ण रेषा असू शकते. याचा सोपा नमुना म्हणजे मर्यादा घालणारं फलन. −२ ते ३ या अंतरालातली संख्या आहे तशी ठेवायची, ३ च्या वरची ३ करायची, −२ च्या खालची −२ करायची. दुसरं असंच फलन −१ ते ५ या अंतरालासाठी घ्या. १० या संख्येवर आधी दुसरं लावलं तर ५ आणि मग पहिल्याने ३; आधी पहिलं लावलं तर ३ आणि तो ३ दुसऱ्यातही तसाच राहतो. −७ चं काय होतं? एका क्रमाने थेट −१, दुसऱ्या क्रमाने आधी −२ आणि मग −१. क्रम कोणताही असो, मिळणारं फलन −१ ते ३ या अंतरालाचं आहे, म्हणजे दोन अंतरालांच्या सामाईक भागाचं.

ही गोष्ट फक्त मर्यादा घालणाऱ्या फलनांची नाही. कोणतीही दोन आयडेम्पोटंट संतत फलनं क्रमनिरपेक्ष असतील, तर त्यांच्या गुणाकाराची प्रतिमा म्हणजे दोघांच्या प्रतिमांचा सामाईक भाग. गुणाकार कोणत्याही क्रमाने घेतला तरी तेच फलन मिळतं, म्हणून त्याची किंमत दोन्ही प्रतिमांत पडते. आणि दोन्ही प्रतिमांत असलेला बिंदू दोघांच्याही हातून जागचा हलत नाही. आणखी एक गोष्ट इथे उपयोगी पडते. अशा दोन फलनांची प्रतिमा एकच असेल तर ती फलनंही एकच असतात, कारण प्रत्येक फलन दुसऱ्याच्या किमती जागेवर ठेवतं आणि गुणाकार एकदा हे फलन ठरतो, एकदा ते. त्यामुळे अशा फलनांचा तक्ता म्हणजे अंतरालांच्या छेदांचा तक्ता. आता चार घटकांचा एक तक्ता घेऊ: ०, अ, ब, क. प्रत्येक घटक स्वतःशी गुणला की तोच राहतो, आणि वेगवेगळ्या कोणत्याही दोघांचा गुणाकार ०. पहिली ओळ सगळी शून्यांची. उरलेल्या तीन ओळींत कर्णावर अ, ब, क आणि बाकी शून्यं. बीजगणिताच्या नजरेने इतका निरुपद्रवी तक्ता दुसरा शोधून सापडायचा नाही. त्यात एका घटकाहून मोठा ग्रुप नाही, क्रमाचा प्रश्न नाही, सगळे आयडेम्पोटंट. तरीही रेषेवरच्या संतत फलनांतून तो तयार होत नाही. शून्याची प्रतिमा एक अंतराल आहे, कदाचित एकच बिंदू. अ, ब आणि क या तिघांच्या प्रतिमा त्याला सामावून घेतात आणि प्रत्येकाची प्रतिमा त्याहून मोठी आहे. मोठी म्हणजे ती डावीकडे तरी पुढे जाते किंवा उजवीकडे तरी. बाजू दोन आणि फलनं तीन, तेव्हा कोणती तरी दोन फलनं एकाच बाजूला पुढे गेलेली असणार. मग त्या दोघांचा सामाईक भाग शून्याच्या अंतरालापेक्षा मोठा होतो, आणि त्यांचा गुणाकार ० असू शकत नाही. सिद्धता एवढीच आहे. इतक्या थोडक्यात तक्त्यातून थेट रेषेच्या बाजूंपर्यंत नेणारी सिद्धता हाती आली की या विषयाबद्दल जो आदर वाटतो, तो मी लपवणार नाही.

याच विचाराने पूर्ण उत्तरही मिळतं. क्रमनिरपेक्ष आयडेम्पोटंटांचा सांत तक्ता रेषेवर कधी बसतो? त्याच्या प्रत्येक घटकाला दोन संख्या जोडता आल्या, एक डावीकडे किती जायचं त्याची आणि एक उजवीकडे किती जायचं त्याची, आणि गुणाकार करताना दोन्ही ठिकाणी लहान संख्या घेतली की बरोबर उत्तर आलं, तर तो तक्ता बसतो, नाहीतर नाही. बसवण्यासाठी वर सांगितलेली मर्यादा घालणारी फलनंच पुरतात. दोन संख्यांत न मावणारा तक्ता कितीही चलाखीने आलेख वळवले तरी रेषेवर येत नाही.

यावर कोणी म्हणेल, की क्रमनिरपेक्ष आयडेम्पोटंट हा एक खास, सोयीचा वर्ग झाला, त्यावरून सगळ्या सेमीग्रुपांबद्दल बोलणं बरोबर नाही. आक्षेपात तथ्य आहे. आठ घटकांच्या त्या अफाट यादीत ९९ टक्क्यांहून अधिक सेमीग्रुप असे आहेत की त्यांतल्या कोणत्याही तीन घटकांचा गुणाकार शून्यच येतो. त्यांच्यात शून्य सोडून एकही आयडेम्पोटंट नसतो आणि ग्रुप म्हणण्यासारखंही काही नसतं. म्हणजे आतापर्यंत सांगितलेल्या दोन्ही अडचणी त्यांना लागू होत नाहीत. मग रेषा त्यांना मुकाट्याने सामावून घेते का? पाच घटकांचा असा एक तक्ता पाहू: अ, ब, क, झ आणि ०. अ स्वतःशी गुणला की झ, ब स्वतःशी गुणला की झ, क स्वतःशी गुणला की झ, आणि बाकी सगळे गुणाकार ०. समजा, हा तक्ता संतत फलनांचा आहे आणि सोयीसाठी ० म्हणजे सगळ्यांना शून्य बिंदूवर नेणारं स्थिर फलन आहे. मग अ, ब, क तिघांच्या प्रतिमा शून्य बिंदू असलेली अंतरालं आहेत. शून्य बिंदू सामाईक असलेल्या तीन अंतरालांत एक अंतराल असं असतंच की ते बाकीच्या दोघांच्या एकत्रित व्याप्तीत मावतं: जे सर्वांत डावीकडे जातं ते एक घ्या, जे सर्वांत उजवीकडे जातं ते दुसरं घ्या, तिसऱ्याला बाहेर जायला जागाच उरत नाही. समजा, क ची प्रतिमा अशी मावणारी आहे. क हे फलन अ च्या प्रतिमेला शून्यावर नेतं, ब च्या प्रतिमेलाही शून्यावर नेतं, तेव्हा स्वतःच्या प्रतिमेलाही शून्यावर नेणार. म्हणजे क स्वतःशी गुणल्यावर ० येतो, झ येत नाही. तक्ता मोडला. ० हे स्थिर फलन नसून एखाद्या अंतरालावर गोळा करणारं फलन असेल तरी हाच युक्तिवाद थोड्या फेरफाराने चालतो. आणि याच नमुन्याचा, क वगळून केलेला, अ आणि ब असा दोघांचाच तक्ता मात्र रेषेवर व्यवस्थित बसवता येतो. रेषेवर दोघं मावतात आणि तिसऱ्याला जागा नाही. आयडेम्पोटंट नसलेल्या प्रांतातही पुन्हा तीच दोन बाजूंची मोजणी पुढे आली, यावरून हे कारण एका सोयीच्या वर्गापुरतं नाही असं मी मानतो.

याहून खोल आक्षेप वेगळा आहे, आणि त्याचं उत्तर देताना मूळ विधान थोडं सुधारून घ्यावं लागतं. ग्रुप दोन घटकांवर अडतो आणि आयडेम्पोटंट दोन बाजूंवर अडतात, पण ही दोन्ही 'दोन' एकच आहेत का? ते तपासायला रेषा सोडून वर्तुळावर जावं. १/(१−क्ष) या सूत्राला अनंताचा एक बिंदू जोडून दिला की रेषा वर्तुळासारखी मिटते आणि ते फलन फुटत नाही. तिसऱ्या खेपेला मूळ जागी येणारं ते फिरणं वर्तुळावर सुखाने राहतं. वर्तुळ तिसऱ्या, चौथ्या, कितव्याही खेपेला परत आणता येतं, म्हणजे ग्रुपाची अडचण तिथे उरत नाही. पण ०, अ, ब, क चा तो तक्ता वर्तुळावरही बसत नाही. वर्तुळावरच्या आयडेम्पोटंटाची प्रतिमा एक बिंदू, एक कंस किंवा सगळं वर्तुळ असते. सगळं वर्तुळ असेल तर ते फलन कोणालाच हलवत नाही आणि इथे उपयोगी पडत नाही. उरलेले तीन कंस शून्याच्या कंसाच्या दोन टोकांपैकी एका टोकापलीकडे जातात, आणि मोजणी जशीच्या तशी चालते. म्हणजे रेषेची दोन वैशिष्ट्यं वेगवेगळी धरायला हवीत. एक, संपूर्ण रेषेवर चालणारा क्रम, ज्याला फक्त दोन दिशा आहेत. ग्रुपाला तो अडवतो. दुसरं, प्रत्येक बिंदूजवळ असलेल्या दोनच बाजू. आयडेम्पोटंटांना आणि शून्याकडे नेणाऱ्या फलनांना त्या अडवतात. वर्तुळाने पहिलं वैशिष्ट्य गमावलं आणि दुसरं राखलं. आता इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची, एका बिंदूतून तीन फांद्या फुटणारी आकृती घ्या. एका फांदीवरचे बिंदू जागेवर ठेवून उरलेल्या दोन फांद्या मधल्या बिंदूवर गोळा करणारं फलन संतत आहे. अशी तीन फलनं आणि मधल्या बिंदूवर सगळं नेणारं चौथं, एवढ्याने ०, अ, ब, क चा तक्ता तयार होतो. फांद्या गोलाकार फिरवल्या की तीन घटकांचा ग्रुपही मिळतो. एका बिंदूवर एक बाजू वाढली आणि अडलेला तक्ता सुटला. सुधारलेलं विधान पहिल्यापेक्षा मला अधिक आवडतं, कारण तक्ता नुसता आकाराचा ठसा न ठेवता आकाराच्या कोणत्या अंगाचा ठसा ठेवतो हेही त्यातून वेगळं काढता येतं.

एखाद्या अवकाशावरची सगळी संतत फलनं घेतली तर त्यांच्या सेमीग्रुपावरून तो अवकाश ओळखता येतो, हे फार मोठ्या वर्गासाठी सिद्ध झालेलं आहे. केनेथ मॅगिल यांनी या दिशेने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुष्कळ काम केलं. मग सांत तुकड्यांकडे पाहायचं कशाला, असं विचारता येईल. पण सगळ्या फलनांचा सेमीग्रुप अवकाश ओळखतो यात एका अर्थाने नवल नाही. स्थिर फलनं म्हणजेच अवकाशाचे बिंदू, आणि ती त्या सेमीग्रुपात हजर असतात. अवकाशाचा सगळा ऐवज त्यात आधीपासूनच ठेवलेला आहे. चार घटकांच्या तक्त्यात असा ऐवज नसतो. त्यात बिंदू नाहीत, अंतर नाही, आणि तरीही तो हाताने तपासून सांगता येतं की हा रेषेवरचा नाही. मिती वाढवली तर प्रश्न सपाट होत जातो हेही खरं. काही बिंदूंवरचं कोणतंही फलन घ्या. तेवढ्याच मितींच्या अवकाशात प्रत्येक बिंदूसाठी एक अक्ष धरा आणि एका अक्षाचा एकक सदिश ठरलेल्या दुसऱ्या अक्षाच्या एकक सदिशाकडे पाठवणारी रेषीय फलनं रचा, की हवा तो सांत सेमीग्रुप मिळतो. म्हणून मोठ्या मितीत एखादा तक्ता बसतो की नाही यापेक्षा किती मिती पुरतात हे विचारणं अर्थपूर्ण ठरतं. रेषेवर मात्र प्रत्येक तक्त्याला बसतो की नाही हे विचारावं लागतं, आणि नकाराचं कारण शोधता शोधता रेषेचंच ज्ञान होतं.

शेवटचा आक्षेप विश्लेषणाच्या बाजूने येतो. मर्यादा घालणारी, घडी घालणारी ही फलनं कृत्रिम आहेत, त्यांच्या आलेखांना कोपरे आहेत. बहुपदी किंवा निदान विकलनीय फलनं घ्यावीत, असा तो आग्रह. तो मान्य केला तर काय उरतं ते पाहण्यासारखं आहे. बहुपदींत कोटी दोन किंवा जास्त असली की प्रत्येक खेपेला ती गुणाकाराने वाढते, संच सांत राहत नाही. पहिल्या कोटीत क्ष स्वतः, आणि ठरावीक संख्येतून क्ष वजा करणारं एखादं फलन, एवढीच सांत संचात टिकतात; अशी दोन वेगवेगळी वजाबाक्यांची फलनं एकत्र आली तरी रेषा एका बाजूला सरकू लागते आणि सरकत राहते. बाकी सगळी स्थिर फलनं. विकलनीय फलनांना थोडी अधिक मोकळीक आहे. शून्याच्या आजूबाजूला सपाट असणाऱ्या गुळगुळीत उंचवट्यांतून, ज्यांचे सगळे गुणाकार शून्य आहेत असे कितीही मोठे तक्ते मिळतात. पण आयडेम्पोटंटांच्या बाबतीत विकलनीयता फार कठोर आहे. समजा, अशा फलनाची प्रतिमा एका बिंदूहून मोठी आहे आणि तिला उजवं टोक आहे. टोकाच्या डावीकडे फलन प्रत्येक बिंदूला जागेवर ठेवतं, म्हणून तिथे चढ १. विकलनीयतेमुळे टोकावरही चढ १ च. मग टोकाच्या किंचित उजवीकडे फलनाची किंमत टोकापेक्षा मोठी होते, आणि टोक हे सर्वांत मोठी किंमत होतं हे खोटं ठरतं. डाव्या टोकालाही हाच न्याय. म्हणून विकलनीय आयडेम्पोटंट दोनच जातीचे, क्ष आणि स्थिर फलनं. आणि दोन वेगळी स्थिर फलनं क्रमनिरपेक्ष नसतात. तेव्हा ०, अ, १ अशा तीन घटकांची साधी साखळी, जिच्यात १ कोणालाच बदलत नाही, ० सगळ्यांना ० करतो आणि अ स्वतःशी गुणला की अ च राहतो, तीसुद्धा विकलनीय फलनांतून मिळत नाही. संतत फलनांत ती सहज मिळते: सगळ्यांना शून्यावर नेणारं फलन, क्ष आणि ० यांतली मोठी संख्या देणारं फलन, आणि क्ष. मधल्या फलनाचा आलेख शून्यापर्यंत आडवा येतो आणि तिथून ४५ अंशांत वर चढतो. साखळीला लागणारा कोपरा तेवढा एकच.